कांजीसाहेबांचं बटण

प्रिय बटण्या,

तू आता फौजदार झालास, दारात उभा राहिलास की लोक साहेब म्हणून बाजूला होतात, आणि आई अजून बटण्या लिहिते म्हणून तोंड वाकडं करू नकोस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव हुद्द्यासकट नीट अक्षरात घातलं आहे. आत मात्र तू तोच आहेस, ज्याने लहानपणी दुकानातल्या बरणीतलं बटण गिळून आम्हाला भांडं घेऊन आपल्यामागे फिरायला लावलं होतं. रोज फोन होतो मग पत्र कशाला, असं म्हणत तू आधी शेवटचं पान उलटून बघशील, ती तुझी जुनी खोड आहे. बघू नकोस. परवा चौकशी झाली. मी तक्रार मागे घेतली की नाही, त्या कागदावर सही केली की नाही, एवढंच तुला हवं आहे ना? सांगणार आहे. पण इतके दिवस फोनवर तू बोलत होतास आणि मी हं हं करत होते. आता एकदा मला बोलू दे.

दुपार आहे. शटर अर्धं खाली ओढलंय, आणि इस्त्रीच्या टेबलावरच कागद ठेवून लिहितेय. खालच्या घोंगडीमुळे पेन मध्येच भोक पाडतं, तिथे अक्षर लावून घे. बाबा मागच्या खोलीत आडवे झालेत. हल्ली चांगला कान उशीत खुपसून झोपतात, म्हणजे कोणी सगळं दुकान उचलून नेलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. मला थकवा आलाय रे. कामाचा नव्हे, काम तर आपलं नेहमीचंच आहे. लोकांना तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचा थकवा. तरी तुला एकदा पहिल्यापासून सांगते, कारण तू ती बाबांकडून ऐकलीस आणि बाबांनी ती चांगली इस्त्री फिरवून तुला सांगितली. जरा बोलाचाली झाली, थोडा धक्का लागला, असं म्हणाले ना? धक्का नव्हता तो.

कांजीसाहेब हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? सुट्टीला आला होतास आणि चौकीचे साहेब रस्त्यातून चालले होते. कॉलरला कांजी एवढी की मान वळवायची तर त्यांना सगळं अंग वळवावं लागायचं. तू हसून हसून टेबलाखाली गेलास. तर त्यांच्या वर्दीचं एक बटण तुटून आलं होतं. खात्याची खूण असलेलं पितळी बटण आपल्या बरणीत कुठून असणार? बाबांनी तात्पुरतं साधं पितळी लावलं आणि गाठोडं न्यायला आलेल्या शिपायाला बजावून सांगितलं, की हे बदलून घ्या, दोन दिवसांत खरं आणून लावतो. शिपाई विसरला. वरच्या साहेबांची तपासणी होती, त्यांनी नेमकं ते बटण हेरलं आणि रांगेत सगळ्यांसमोर कांजीसाहेबांची हजेरी घेतली. ते तिथून तडक दुकानात आले. मी मागे मशीनमधून चादरी काढत होते. आवाज आला तो मला हँगर पडल्यासारखा वाटला. बाहेर येऊन बघते तर बाबा टेबलाची कड धरून उभे, चष्मा समोरच्या शर्टांच्या ढिगावर पडलेला, आणि कांजीसाहेब आपल्या बाहीची कड सरळ करत होते. पुढे शिव्या झाल्या, त्या लिहीत नाही. तशातही बाबांनी इस्त्री तेवढी उभी करून ठेवली होती, खालचा शर्ट जळू नये म्हणून. माझ्या डोळ्यांसमोरून ती उभी इस्त्री काही केल्या जात नाही.

डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, भरून येईल कदाचित, पण ऐकू येणं पहिल्यासारखं व्हायचं नाही, या वयात तर नाहीच. तुला ठाऊक आहे, बाबा इस्त्रीवर पाण्याचे थेंब शिंपडून कान वाकडा करायचे आणि चर्र आवाजावरून तापमान ओळखायचे. सवयीने डावाच कान पुढे करायचे. आता थेंब टाकतात, वाकतात, आणि तसेच थांबतात. एका गिऱ्हाइकाचा चांगला शर्ट त्यांनी भाजला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कपडा जळलेला मी पाहिला नव्हता. आम्ही टेबलाची दिशा फिरवून घेतली, उजवी बाजू दाराकडे यावी म्हणून, तरी अर्ध्या वेळा गिऱ्हाईक काउंटरवर ओरडतं आणि हे आपले भिंतीकडे बघून हो हो करतात. मी चिडते, मग माझं मलाच वाईट वाटतं.

पण खरं सांगू, कानासाठी सुद्धा मी लगेच उठले नव्हते. जाऊ दे, असं बाबा म्हणाले, आणि मीही मनातल्या मनात जाऊ देतच होते. पोलिसांशी कोण वैर घेणार? त्यात आपला मुलगा त्याच खात्यात. मग एक दिवस शेजारचे औषधवाले भाऊ चौकशी करायला आले, आणि बाबा त्यांना म्हणाले की चूक माझीच होती, बटण मी चुकीचं लावलं. उगीच विषय संपवायला म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते मनापासून म्हणाले. त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. मार खाल्लेल्या माणसाने वर स्वतःलाच दोषी धरावं, हे मला सहन झालं नाही. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि चपला घालून चौकीत गेले.

चौकीत माझं आदरातिथ्य अगदी चोख झालं. खुर्ची दिली, चहा दिला, पंखा माझ्याकडे वळवला. तक्रार तेवढी घेतली नाही. लिहून घेणारे आज रजेवर, उद्या या. उद्या गेले तर साहेबच बाहेर, परवा या. ज्यांच्या वर्द्या मी ओळीने हँगरला लावते ती सगळी पोरं मान खाली घालून कागद चाळत होती. शेवटी एकजण मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, की काकू, इथे घेणार नाहीत, वरच्या कचेरीत जा. वरची कचेरी म्हणजे तिसरा मजला आणि लिफ्टला कुलूप. तिथे म्हणे डॉक्टरांचा दाखला हवा. दाखला नेला तर तो सरकारी दवाखान्याचा हवा. सरकारी दवाखान्यात कानाचे डॉक्टर ठराविक वारीच बसतात. मी इतके खेटे घातले की तिथला पाणी देणारा मला बघून न विचारता ग्लास भरायला लागला. आणि दर वेळी तो जिना चढताना, गुडघे कुरकुरायला लागले की मी कांजीसाहेबांच्या आईला शिव्या द्यायचे. कसली ही बाई, काय वाढवलं हिने, पोरगा म्हाताऱ्या माणसावर हात टाकून येतो आणि ही त्याला गरम जेवायला वाढत असेल. त्या बाईला मी कधी बघितलेलं नाही. जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. पण प्रत्येक मजल्याला तिचा उद्धार केला.

साक्षीदारांची तर गंमतच झाली. भर सकाळी, उघड्या दुकानात हे सगळं घडलं. औषधवाले भाऊ म्हणाले, वहिनी, मी नेमका तेव्हा खालच्या खणातून बाटली काढायला वाकलो होतो. समोरचा चहावाला साखर सांडली म्हणून वाकला होता. पलीकडचा घड्याळवाला तर दिवसभर वाकलेलाच असतो, त्याला काय बोलणार. त्या क्षणी आपली अख्खी गल्ली काही ना काही उचलायला खाली वाकलेली होती, बटण्या. मी रागावले नाही. उद्या त्यांनाही त्याच चौकीसमोर दुकान उघडायचं आहे. उभ्या होत्या त्या फक्त तुझ्या मास्तरीणबाई, तुला गणिताला छड्या मारायच्या त्याच. कपडे न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या की मी बघितलं आणि मी सांगेन, फक्त मला जिन्यावर हात द्या. त्यांच्या त्या असल्या गुडघ्यांनी तीन मजले चढल्या. मध्ये एका पायरीवर बसून म्हणाल्या, तुमच्या पोराला कळवलंत ना, त्याची मदत होईल.

तुला तर मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. तू काय विचारलंस ते आठवतंय का? बाबा कसे आहेत, हे तू नंतर विचारलंस. आधी विचारलंस, कोणी बघितलं का. मी मनाशी म्हटलं, पोलीस आहे, सवयीने आधी तपासाचंच विचारतो. त्यानंतर तुझे फोन वाढले. आई, खात्यात हे नीट दिसत नाही. आई, चौकशी लागली की माणसाची बढती अडकते, त्यांनाही बायकापोरं आहेत. आई, एका थपडेने कोणी एवढं करतं का. या शेवटच्या वाक्यावर मी फोन ठेवला होता, कुकर झाला म्हणून. कुकर लावलेलाच नव्हता. तुझी बाजू मी माझ्या मनात रोज मांडायचे. पोरगा मध्ये अडकलाय, त्याचे वरिष्ठ त्याला टोमणे मारत असतील, आपल्या बापाची काळजी त्यालाही आहेच. आई झालं की असली वकिली न शिकता येते. सूनबाईही हल्ली फोनवर बेतानेच बोलते, तेही मी कामाच्या ताणावर घातलं.

आता परवाचं. त्याआधी तुझ्या बाबांचा पराक्रम ऐक. तक्रार दिल्यावर मी चौकीला बजावलं होतं, की बाकीच्यांचे कपडे आणा, त्या एका माणसाचे या दुकानात येणार नाहीत. तरी चौकशीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या गाठोड्यात त्यांची वर्दी येऊन पडली. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण धाग्याने कॉलरच्या आत घातलेली असते, तुला माहीतच आहे. कांजीसाहेबांचे दोन लाल टाके. बाबांनी ते टाके बघितले आणि त्यांच्या हातांनी पुढचं सगळं आपोआप केलं. कॉलरला डबल कांजी, बाहीला सुरीसारखी घडी. एवढ्यावर भागलं असतं तर सवय म्हणून मी सोडलं असतं. पण ते खरं पितळी बटण त्यांनी मधल्या काळात बाजारातून शोधून आणून ठेवलं होतं, मला न सांगता, आणि तेही लावून टाकलं. मी बाहेरून येईपर्यंत गाठोडं परत गेलेलं. जाब विचारला तर म्हणाले, बटणाचं काम राहिलं होतं. तीच इस्त्री त्यांच्या डोक्यावर फिरवावीशी वाटली मला. वाटलं, म्हणजे त्यांच्यासाठी मी जिने झिजवते आणि हे त्या माणसाला नटवून चौकशीला पाठवतात.

तर परवा त्या खोलीत कांजीसाहेब माझ्यासमोर बसले ते आपल्याच घरची घडी अंगावर घेऊन. मी त्या बटणाकडेच बघत राहिले. कोणी काही सांगायला नको, बाबांचा टाका मी शंभरात ओळखेन, बटणाखाली दोऱ्याला शेवटी मानेसारखा वेढा देतात तो. ती बाही बघून मला तुझी पहिली वर्दी आठवली. बाबांनी त्या दिवशी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं, कोणाला हात लावू दिला नाही, मला सुद्धा. तू आरशासमोर उभा राहिलास तेव्हा ते मागून बाही चेपत म्हणाले होते, की हात जरा सांभाळून उचल, घडी मोडते. आपण तिघेही हसलो होतो. मग तू निघून गेल्यावर ते बराच वेळ रिकामा हँगर पुसत बसले होते.

चौकशी करणाऱ्या बाई तुझ्या मावशीच्या वयाच्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मास्तरीणबाईंनी जे पाहिलं ते वर्गात सांगतात तसं खणखणीत सांगितलं. कांजीसाहेब म्हणाले की गैरसमजातून हात लागला. बाईंनी बाबांना काही प्रश्न विचारले, ते डाव्या बाजूने आले आणि बाबांनी भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं. त्या उठल्या, खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला नेली आणि पुन्हा विचारलं. तेव्हा बाबांनी प्रथमच सरळ सांगितलं, की हो, मारलं, आणि मला ऐकू येत नाही. चूक माझी होती, या वाक्याची मी वाट बघत बसले होते, ते आलं नाही. मग बाईंनी नियमाप्रमाणे एक कागद माझ्यासमोर ठेवला. तक्रार पुढे न्यायची नसेल तर इथे सही करा, तुमच्यावर जबरदस्ती नाही. पेनसुद्धा उघडून दिलं.

आणि बटण्या, त्या पेनापाशी माझा हात बराच वेळ थांबला, कारण आत जायच्या आधी व्हरांड्यात कांजीसाहेब माझ्याजवळ येऊन बोलले होते. बाबा आणि मास्तरीणबाई बाकावर होते. मला त्यांनी पहिल्यांदाच मावशी म्हटलं. म्हणाले, आपण एका घरातले, मावशी, तुमच्या चिरंजीवांचं प्रकरण मी तिकडे बोलून ठेवलंय, तो किल्ल्या बनवणारा आज ना उद्या तक्रार मागे घ्यायला तयार होईल, तुम्ही इकडचं मिटवा, मी तिकडचं मिटवतो. कुठला किल्लीवाला, असं मी विचारलं. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, तुम्हाला माहीत असेलच असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांच्याकडूनच सगळं कळलं. फुटपाथवरचा माणूस, हटायला उशीर केला, उलट बोलला, तू हात उचललास, तो त्याच्या पेटीवर पडला आणि मनगट मोडलं. उजव्या हाताचं. त्याच्या बायकोने तक्रार दिली आहे. तीही कुठलातरी जिना चढत असेल रे. आणि चढताना तुझ्या आईला शिव्या देत असेल, कसली ही बाई, काय वाढवलं हिने. मला आधी तुझा राग आला, मग लाज वाटली, आणि मग तुझ्याबद्दल इतकी भीती वाटली की भिंतीला हात लावून उभी राहिले. सही केली असती तर तुझी नोकरी वाचली असती, हे मला पक्कं कळत होतं. मी पेन बंद करून बाईंना परत दिलं. मला सही करता आली नाही. आता तुझं काय व्हायचं ते होईल, आणि जे होईल त्यात मी तुझ्याबरोबर आहे, पण तुझ्या बाजूने खोटं बोलायला येणार नाही. त्या माणसाकडे जा. वर्दी घालून जाऊ नकोस. त्याला किल्ल्या घासायची कानस धरता येते का ते बघ, त्याच्या बायकोपुढे खाली बस, आणि तिच्याकडे काही मागे घेण्याची गोष्ट काढू नकोस. मग रजा टाकून इकडे ये. बाबांना यातलं काही माहीत नाही, मी सांगणार नाही, ते तूच सांगायचं आहेस. म्हणून हे पत्र. आणि सांगायला बसशील तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही.

तुझीच,
आई